तीन तारे आणि परसराम मिस्तरी

पाणी ओढायची मोटार दुरुस्तीला आली की परसराम मिस्तरी आधी तिचा वास घ्यायचे. डोळे मिटून, नाक थेट झाकणाला लावून. मग म्हणायचे, "कोरडीच चालवली की हो हिला. जळलं वाइंडिंग." डोंगरकडा गावाहून केळीच्या मळ्यातली मोटार घेऊन आलेला माणूस ओशाळून हसायचा. मिस्तरींचं नाक खोटं बोलत नसे. त्यावरून मी ठरवून टाकलं होतं की नाक सोडून उरलेले मिस्तरीही खोटं बोलत नसणार. गणिताचा मास्तर असून इतकं कच्चं अनुमान काढलं, याची लाज आता वाटते.

कळमनुरीत त्यांचं वाइंडिंगचं दुकान होतं. मागच्या खोलीत एक पिनबॉलचं यंत्र होतं. हैदराबादचा कुठलासा क्लब बंद पडला, तेव्हा आतल्या तांब्यासाठी त्यांनी ते भंगारात घेतलं आणि उघडून बघितल्यावर मोडायचा जीव झाला नाही. काचेखाली उतरता पाट, त्यावर धावणारा लोखंडी चेंडू. तो खाली पडू नये म्हणून तळाशी दोन पाती, डावं आणि उजवं, आणि त्यांची बटणं दोन्ही बाजूंना. उभ्या काचेवर रॉकेट, कडी असलेला शनी आणि अंतराळात थंडी वाजणार हे नक्की, अशा कपड्यांतली एक बाई. खेळायला पैसे लागत नसत. मिस्तरींची मर्जी लागे.

माझ्यावर ती होती. शाळा सुटली की मी तिथं. मिस्तरी शेजारी उभे राहून शिकवत. "गुर्जी, घाई काहून करून राहिले? चेंडू पात्यावर येऊ द्या, टेकू द्या, मग मारा." आणि मुख्य मंत्र हा : "उजव्या पात्यानं शनीचं भोक गाठायचं. पाच हजार. उजवीकडचे ते तीन तारे सोडून द्या. पाचशेपाचशेचे हायेत. चिल्लर."

मला हे इतकं पटलं की मी घरी वहीत कोष्टक मांडलं. शनी तीनदा मारला तर एकदा लागतो, तारा दोनदा मारला तर एकदा. शनीच श्रेष्ठ, हे मी सिद्ध केलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मिस्तरींनी वही कौतुकानं पाहिली. "बराबर हाय," म्हणाले. एकदा चुकून माझ्याकडून तिन्ही तारे पडले आणि चेंडू संपल्यावर गुण भसाभस वाढले. मिस्तरी शांतपणे म्हणाले, "आकड्याचं चाक घसरलं असंल, गुर्जी. हिसाबात धरू नका." मी ते गुण प्रामाणिकपणे वजा केले.

मिस्तरींचा स्वतःचा विक्रम ब्याण्णव हजारांचा. खडूनं भिंतीवर लिहिलेला. त्यांना तो करताना कुणी पाहिलं नव्हतं, पण मला शंका आली नाही.

अशा भक्कम पायावर मी नांदेडच्या मेव्हण्याशी पैज लावली. सुनील इंजिनिअर. माझ्या प्रत्येक गोष्टीला हसणारा. "दाजी, यंत्र तुमचं, गुरू तुमचा. हरलात तर मिशी काढा," म्हणाला. मी मिशीला पीळ देऊन हो म्हटलं. बाजाराच्या दिवशी दुकानात पंधरावीस माणसं जमली. मिस्तरी कोपऱ्यात उभे होते. एक शब्द बोलले असते तर माझी मिशी वाचली असती.

मी पाच चेंडू शनीवर वाहिले. एक्केचाळीस हजार. टाळ्या पडल्या.

सुनील वाकला. काचेच्या खालच्या कडेला लक्ष्मीचा फोटो चिकटवलेला होता. मी रोज त्याला हात जोडूनच सुरुवात करायचो. सुनीलनं नखानं कोपरा उचलला. "दाजी, याच्याखाली तर नियम छापलेत! तिन्ही तारे पाडा, चेंडू संपल्यावर मिळणारा बोनस दुप्पट." आणि तो डाव्या पात्यानं ताऱ्यांवर सुटला. पहिल्याच चेंडूला तिन्ही पाडले. तिसऱ्या चेंडूलाच त्यानं मला मागं टाकलं. मी मिस्तरींकडे पाहिलं. ते गुणांकडे बघतच नव्हते. त्यांचं नाक वर झालं होतं. "बस करा साहेब," ते पुटपुटले. पाचव्या चेंडूला डावं पातं लुळं पडलं आणि खोलीत जळक्या वॉर्निशचा वास पसरला. सुनील अडुसष्ट हजारांवर होता. मिस्तरी माझ्याजवळ आले नाहीत. यंत्राजवळ गेले.

दुसऱ्या दिवशी, गुळगुळीत ओठ घेऊन, मी दुकानात गेलो.

"डाव्या पात्याची कॉइल माझ्या हातची," मिस्तरी म्हणाले. "तशी बारीक तार मिळाली न्हाई. मोटारीची जाड गुंडाळली. लई मारलं की तापायची. सगळे ताऱ्यामागं लागले असते तर महिनाभर टिकली नसती."

"मग मला तसं सांगायचं!"

"सांगून सांभाळून खेळला असता का? तुमी ऐकणारे न्हाई, गुर्जी. तुमाला पटावं लागतं. म्हून पटंल असं सांगितलं."

"आणि ते ब्याण्णव हजार?"

त्यांनी हातातली तार सरळ केली. "ताऱ्यावरच केले. एकटा असताना. कवा थांबायचं ते मला कळतं."

म्हणजे मला कळलं नसतं. दोन वर्षं शेजारी उभं राहून हा माणूस यंत्राला माझ्या हातापासून जपत होता. वहीतल्या दोन रेघांना 'बराबर हाय' म्हणतानाही.

महिन्याभरानं निरोप आला : हैदराबादहून बारीक तार मिळाली, कॉइल नवी केली, या. मी गेलो. मिस्तरींनी स्वतः काचेवरचा लक्ष्मीचा फोटो काढून ठेवला होता. "आता मारा तारे. बिनधास्त. काही होत न्हाई."

चेंडू उतरत आला आणि डाव्या पात्यावर टेकला. समोर तिन्ही तारे उभे. बटणावर बोट होतं. कॉइल खरंच पक्की झाली होती, की हेही मला पटेल असंच सांगितलेलं होतं? त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तेच शांत, शिकवणारं तोंड.

"मारा की गुर्जी," मिस्तरी म्हणाले.

मी बोट काढून घेतलं. चेंडू पात्यावरून घरंगळत मधल्या फटीतून खाली गेला.