केसपेपरवरचा शब्द

"मी आलं, भाऊ!" दवाखान्याच्या भिंतीला सायकल टेकवून ते असं ओरडायचं. आलो नाही, आले नाही. आलं. लेकरू आलं म्हणतो ना आपण, तसं. तुम्ही म्हणाल, चाळिशीतल्या माणसाला असं काय बोलता? अहो, मीही आधी आदरानं 'आलात का, मामा' म्हणून पाहिलं. लगेच, "मला बाप्या करू नका, भाऊ." 'ताई' म्हटलं, तर काम टाकून उठलं. आता काय करता!

सेलूच्या एका खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि ते वालूरहून आमच्या बाजांची नवार विणायला यायचं. सदरा-पायजमा, कानात बारकी फुलं. छाती फडक्यानं करकचून बांधलेली. उन्हाळ्यात त्या फडक्यापायी अंगावर घामोळं उठायचं, मग माझ्याकडून पावडर मागून न्यायचं.

असंच एकदा पावडर घेताना छातीकडं बोट करून हळूच म्हणालं, "भाऊ, ह्ये काढून टाकता येतंय का?"

"म्हणजे पुरुष व्हायचंय?"

"न्हाई हो! बाप्या होऊन काय करू? बाईबी न्हाई, बाप्याबी न्हाई. निस्तं ह्ये नको. लय झालं."

माझं डोकंच चालेना. इकडून तिकडं जाणारी माणसं ऐकून माहीत होती. मध्येच उतरायचं म्हणणारं पहिल्यांदाच भेटत होतं. तरी म्हटलं, महिन्यातून एकदा बाहेरगावचे सर्जन येतात, त्यांना दाखवू.

नेमके त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ते बंद होते. सर्जन दुपारी उशिरा पोचले, बाहेर ही गर्दी. केसपेपर मी लिहायचो. नाव, वय, पुढं पुरुष की स्त्री. तिथं पेन अडलं. पण शाळेत मी व्याकरणात पक्का. तो, ती, ते! ऐटीत लिहून टाकलं, 'नपुंसक'.

पाच मिनिटांत ते बाहेर आलं. हातात टॉनिकची चिठ्ठी. "भाऊ, तुमी लिवलंत तरी काय? डॉक्टर म्हनतेत, लाजू नका, घरी पाळणा हलंल!"

मला हसू फुटलं. ते पण हसलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "आत जाऊन सांगा ना एकदा. मला न्हाई बोलता येत त्यांच्याम्होरं."

सर्जन बॅग आवरत होते. मलाही कुठं नीट बोलता येत होतं? मी म्हणालो, "पुढच्या खेपेला." खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली.

पुढच्या खेपेला ते आलंच नाही. मीच धीर करून सर्जनना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "पुरुष व्हायचं नाही? नुसतं तेवढंच?" मग म्हणाले, "मलाही हे नवीनच आहे. पण तेवढं काढता येईल की. घेऊन या, बोलू त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी मी वालूरला गेलो. दारात त्याचा धाकटा भाऊ भेटला. "थोरली व्हय? हैदराबादेला गेली, पंधरा दिस झाले. पत्ता न्हाई. निरोप हाय का काही?"

"आलं तर सांगा, होतंय म्हणावं."

"काय होतंय?"

मला त्याला सांगता येईना. "तेवढंच सांगा," म्हणालो, "होतंय म्हणावं."