सत्त्याण्णव कशाचे?

काटेआत्या दुकानदारांचे तराजू दुरुस्त करते. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा आणि मखमली डबीतली पितळी वजनं. ती वजनं ती स्वतःसुद्धा चिमट्यानेच उचलते, बोट लावायची कुणाची हिंमत नाही. एखादा वाणी लाडात येऊन "आत्या, चार-पाच ग्रॅम इकडंतिकडं चालतंय की" म्हणाला, की ती त्याचा काटा टेबलाखाली सरकवते. "मग पुढच्या महिन्यात न्या."

भावाची पोर याच टेबलाशी अभ्यास करून मोठी झाली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तिला दोनशे अठ्ठावीसपैकी एकशे एकाहत्तर गुण पडले, पर्सेंटाइल सत्त्याण्णव. भाऊ घरभर नाचत सुटला, "शंभरात सत्त्याण्णव."

"शंभरात नाही रे दादा," आत्या म्हणाली. "शंभर पोरं ओळीत उभी केली, तर सत्त्याण्णव हिच्या मागे. बाकी काही नाही. ती किती उंच आहे ते यातून कळत नाही. त्यासाठी गुण बघ."

पात्रता यंदा एकशे अडुसष्ट गुणांची होती. म्हणजे पोर तीन गुणांनी आत. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढची दोन वर्षं फी माफ. नाही मिळाली तर विज्ञानाचा नाद सोडायचा, असं भावाने आधीच बजावून ठेवलेलं.

आणि पत्र आलं. 'आपले गुण : ९७. पात्रता : १६८. अपात्र.' तक्रारीची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीची.

भाऊ म्हणाला, "सत्त्याण्णव कमीच की गं." आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून पाणी प्यायला गेला.

सकाळी ती पोरीला घेऊन शिष्यवृत्तीच्या कार्यालयात उभी. खिडकीतल्या कारकुनाचं प्रत्येक वाक्य एकाच रुळावरून निघायचं. "कसं असतं ना मॅडम, सत्त्याण्णव हे एकशे अडुसष्टपेक्षा कमी असतं."

"तुमचं वजन किती हो?"

"बहात्तर किलो. का?"

"आणि उंची साडेपाच फूट धरू. आता वजनाच्या रकान्यात साडेपाच लिहिते. बहात्तर हवेत, साडेपाचच भरले. घरी जेवायला घालत नाहीत का तुम्हाला?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनाने संगणकाचा पडदा तपासला. गुणांच्या रकान्यात पर्सेंटाइल भरलेलं होतं. "कसं असतं ना बाई, हे शाळेने भरलंय."

"मग त्या शाळेची सगळी यादी दाखवा."

"दुसऱ्यांची कशाला?"

"वाण्याचा काटा खोटा निघाला, तर एकाच गिऱ्हाइकाला कमी मिळतं का?"

चौदा पोरं. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, नव्व्याण्णव. चौदाही अपात्र.

"नव्व्याण्णव जण या पोराच्या मागे," आत्याचा आवाज चढला, "आणि त्याला तुम्ही कळवता, कमी पडलास. दोनशे अठ्ठावीसच्या परीक्षेत एका शाळेतलं एकही पोर शंभरी गाठत नाही, हे बघून कुणाची भुवईसुद्धा हलली नाही?"

"कसं असतं ना ताई, सिस्टीम ठरवते."

"सिस्टीमला लाज नसते. तुम्हाला तर आहे ना?"

मूळ गुणपत्रकं कुठे आहेत, विचारलं, तर कारकुनाच्या पाठीमागच्या कपाटात. चार हातांवर. महिनाभर खरा आकडा त्याच्या मानेवर श्वास सोडत होता.

तो जरा नरमला. "तुमच्या भाचीचं आत्ता करून देतो. बाकीच्यांनी आपापलं यावं."

पोरीने आत्याचा पदर ओढला. चल ना, झालं की आपलं. आत्या मात्र बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. "खोटा काटा मी अर्धा दुरुस्त करून देत नाही. पोरांना उद्या तारीख उरलेली नाही. काढा पत्रकं."

तीन तास लागले. ती एकेक गुण वाचून दाखवायची, तो भरायचा. चौदापैकी पाच पात्र ठरले. एकशे एकाहत्तरवाली त्यातली एक. शेवटच्या पोराला एकशे सदुसष्ट.

"कसं असतं ना मावशी," कारकून थकून म्हणाला, "एका गुणाचाच प्रश्न आहे. एक वाढवून यालाही टाकू का आत ढकलून?"

पोरीला वाटलं, आत्या हो म्हणेल. मघापासून ती भांडत होती ती कुणासाठी मग?

"हात लावू नका," आत्या म्हणाली. "तो कमी पडला, तर मापाने कमी पडू द्या. पण त्याला नवं पत्र जाऊ दे, एकशे सदुसष्ट लिहिलेलं. सत्त्याण्णव-शहाण्णव असलं काही नको. आणि खाली तुमची सही करा, सिस्टीमची नको."

पत्र छापून, सही होऊन पाकिटात जाईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.