नळी जरा रुंद केली आहे

इंजिन ट्यून करणाऱ्यांकडे किस्से ड्रॉवरमधल्या जुन्या स्क्रूंसारखे साठतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. जपानात, कोबेतल्या आमच्या ऑफिसात यंदाचे सगळे किस्से एकाच सेन्सरने दिलेत. त्यात नाशिकला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि माझी सुट्टी त्या सेन्सरचं काम संपण्यावर टांगलेली!

*

हा सेन्सर इंजिनात किती हवा शिरते ते मोजतो. त्यावरून कॉम्प्युटर इंजिनवरचा लोड काढतो आणि लोडवरून पेट्रोल किती, ठिणगी कधी, ते ठरवतो. सप्लायरचं पत्र आलं, "सेन्सरची नळी जरा रुंद केली आहे. कामगिरीत फरक नाही."

रुंद नळीत हवा सावकाश जाते, म्हणून सेन्सरला ती कमीच वाटते. म्हणजे आमचे लोडचे सगळे तक्ते कचऱ्यात. इथे कचरा जळणारा नि न जळणारा असा वेगळा करून टाकतात, त्यामुळे माझे साहेब मोरी-सान गंभीरपणे म्हणाले, "कुठल्या कचऱ्यात? जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

*

शेजारच्या टेबलावरच्या पुणेकर प्रसादला शॉर्टकट सुचला. सेन्सर हवा कमी दाखवतो ना, मग आपण पेट्रोल वाढवू. आकडे जुळले, स्वारी खूश. रोक्को डोंगराच्या चढावर गाडी खडखडायला लागली.

वजनकाटा डाळ कमी दाखवतो म्हणून मीठ अंदाजाने वाढवायचं, पण कुकरच्या शिट्ट्या त्याच काट्यावरून ठरवायच्या, असला प्रकार. कॉम्प्युटरला लोड अजून कमीच वाटत होता, म्हणून तो ठिणगी लवकर टाकत होता आणि इंजिन खडखडत होतं.

"पण पेट्रोल तर बरोबर होतं," प्रसाद म्हणाला.

"हो," मोरी-सान म्हणाले. "इंजिन सोडून सगळं बरोबर होतं."

*

तीन आठवडे खपून मी नवे तक्ते मीटिंगमध्ये मांडले. विभागप्रमुख जुना नि नवा आलेख बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्हींची सरासरी घेतली तर कुणालाच वाईट वाटणार नाही."

इथे मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी आणखी चार दिवस घालवून सरासरी काढली आणि ती दोन्ही सेन्सरना चुकीची आहे, हे नम्रपणे सिद्ध केलं.

*

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही बाई. डॉक्टरांनी तारीख काही बदललेली नाही." मला रडूच आलं.

*

शेवटी एका गुरुवारी तक्ते मंजूर झाले. विमान शनिवारचं. शुक्रवारी सप्लायरचे दोघे मिठाईचा खोका घेऊन हजर. कमरेत वाकून म्हणाले, "रुंद नळीमुळे तुम्हाला फार त्रास झाला. म्हणून आम्ही ती आता थोडी अरुंद केली आहे. अगदी जुन्याएवढी नाही."

आमच्याकडे असा खोका आला की प्रत्येकाच्या टेबलावर एकेक वडी ठेवायची रीत आहे. मोरी-साननी तो उघडला, आत पाहिलं, झाकण पुन्हा लावलं. मग प्रसादचं टेबल ओलांडून आले, अख्खा खोका माझ्यासमोर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.