आईचा पिवळा हॉल

माझ्या भावाशी मी बोलत नाही. कारण सांगितलं की लोक हसतात. भिंतीच्या रंगावरून कुणी अबोला धरतं का? मी धरलाय.

बाबा होते तोवर बेंगळुरातल्या आमच्या घराला आतून एकच रंग लागायचा, फिकट क्रीम. दर वेळी आई म्हणायची, या खेपेला पिवळा लावू या. बाबा ‘बघू’ म्हणायचे आणि पुन्हा क्रीमचेच डबे यायचे. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी तिनं कुणालाही न विचारता पेंटर बोलावला आणि अख्खा हॉल शेवंतीसारखा भडक पिवळा करून घेतला. मी गेले तेव्हा ती मधोमध खुर्ची टाकून बसली होती. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेले.

“बघ, एवढं तरी मला दिसतं,” म्हणाली. किती खुशीत होती!

रविवारी माझा भाऊ अण्णा आला. तो देवनहळ्ळीच्या बाजूला राहतो. दारातच थबकला.

“हे काय, लग्नाचा कल्याणमंडप आहे का? बाबांना जाऊन वर्ष नाही झालं, आई. लोक काय म्हणतील?”

आईनं त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला.

पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी तिला होसकोट्याला माझ्या घरी आणलं. घराची एक किल्ली अण्णाकडे असायचीच. “झाडांना पाणी घालतो, काळजी करू नका,” असं तोच म्हणाला.

आम्ही परतलो तेव्हा तो घरी होता. आई काळा चष्मा लावून आत शिरली, मग तिनं तो काढला. हॉल क्रीम होता. चारी भिंती.

“सरप्राइज!” अण्णा म्हणाला. “डोळ्यांना शांत वाटेल तुझ्या.”

माझं डोकंच फिरलं. “तिला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? तिच्या भल्यासाठीच केलं ना? नीट दिसलं असतं तर तिनं तो रंग लावलाच नसता.”

“बाबांनी तिचं कधी ऐकलं नाही, आता तूही ऐकू नकोस! तिच्या पेन्शनवर चालणारं घर आहे हे. तुझा काय संबंध?” मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली डोकावल्या. अण्णा उलट मलाच म्हणाला, “आवाज खाली कर, आईला त्रास होतोय.”

आई भिंतीवरून हात फिरवत होती. माझा राग तिच्यावरही निघणार होता. मग ती त्याच्याकडे वळली.

“किल्ली ठेव इथं.”

“आई, अगं...”

“ठेव. यायचं असेल तेव्हा बेल वाजव.”

त्यानं किल्ली टीपॉयवर आपटली आणि गेला. आईनं तिथल्या तिथे पेंटरला फोन लावला, कन्नडमध्ये. पलीकडून त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं असावं, कारण ती तीन वेळा “हौदु, हळदीने” म्हणाली. म्हणजे ‘हो, पिवळाच’.

आता हॉल पुन्हा पिवळा आहे. अण्णा बेल वाजवून येतो, सोफ्यावर बसतो, आईच्या हातची चकली खातो. आलेल्या पाहुण्यांना सांगतो, “आईची आवड हो, आम्ही कशाला मध्ये पडू?” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

“सोड आता,” आई म्हणते. तिनं सोडलं असेल. त्यानं अजून एकदाही ‘चुकलं’ म्हटलेलं नाही, आणि तोवर तो हॉलमध्ये आला की मी उठून स्वयंपाकघरात जाते.