जांभळीखालचा दगड

नाव लाल शैवाल आणि रंग काळपट हिरवा, तर तुम्ही ते ओळखाल का? रामवाडीतले आमचे शेजारी ओळखतात. पेणला वनस्पतिशास्त्र शिकवणारे हे सर रविवारी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या खिशात खुळखुळवत ओढे धुंडाळतात. जिथला नमुना डबीत येतो, तिथे घरच्या नकाशावर लाल ठिपका पडतो.

गेल्या थंडीत मीही सोबत होतो. रोह्याजवळ वरसे गावच्या ओढ्यात, जांभळीखालच्या दगडावर त्यांना ते दिसलं. सर डबी उघडेपर्यंत तिथे कपडे धुणाऱ्या काकूंनी तो दगड काथ्याने लख्ख घासला.

"मास्तर, घसरून पडला असतात. म्हणून घासून दिला."

"झकास घासलास गो," सर हसत म्हणाले.

मी मात्र पेटलो. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ठिपका द्या."

"बघितलं हाय, पण हातात नाय," म्हणत त्यांनी रिकाम्या डबीवर चिठ्ठी चिकटवली: 'दिसले. नमुना नाही.'

ऐकीव गोष्टीही माझ्या या पत्रकात ठासून छापणारा मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचू लागलो.

नकाशावर ती जागा अजून कोरी आहे. तेव्हा वरसेकरांनो, जांभळीखालचा तेवढा एक दगड यंदा घासू नका. सर पुन्हा येणार आहेत.