माणिकमावशीची जळमटं

मुलुंडच्या आमच्या आळीत माणिकमावशीच्या स्वच्छतेचा सगळ्यांना धाक होता. तिच्याकडे जाताना मी पाय दोनदा धुवायचे, तरी ती "टाचा बघू" म्हणायचीच. नवरा गेल्यावर बहिणीची पोरकी मुलगी पद्मजा हिला तिनंच वाढवलं. आता पद्मजाचं लग्न व्हावं, एवढा एकच ध्यास. स्थळं येत, पोहे चापून खात आणि नकार कळवत. मला तर त्या माणसांचा संताप यायचा.

छप्पन्न सालच्या फाल्गुनात तिच्या दारातल्या चिकूवर नाचण पक्ष्यांची जोडी आली. मूठभर जीव, पांढरी भुवई, शेपटीचा पंखा सारखा उघडमीट करणारा. ते नाचणं उगाच नसतं. शेपटीच्या फटकाऱ्यानं पानांतले किडे उठतात आणि पठ्ठ्या ते हवेतच गट्ट करतो. घरटं वाटीएवढं, काड्यांचं. पण ते बाहेरून लिंपायला कोळ्याचं जाळं लागतं. पहिलं घरटं कावळ्यानं मोडलं. दोघांनी टोचून टोचून त्याला आळीबाहेर पिटाळला, पण अंडी गेली ती गेलीच. मग दोघं बाजूच्या फांदीवर नवं घरटं बांधायला लागली, आणि सामान न्यायला थेट मावशीच्या पडवीत यायला लागली. पाडव्याच्या साफसफाईत मावशीनं त्यांच्यासाठी आढ्याखालचा जळमटांचा एक कोपरा तसाच ठेवला होता. मावशीनं! आळीत कुणाचा विश्वासच बसेना.

त्यातच ठाण्याचं एक चांगलं स्थळ आलं. मंडळी यायची त्या सकाळी पद्मजा करवादली, "मावशी, आता तरी काढ ना गं ती जळमटं! काय म्हणतील ते?"

मावशी काठीला केरसुणी बांधून स्टुलावर चढली. तेवढ्यात मादी आली आणि केरसुणीच्या अगदी जवळून चोचभर धागे घेऊन गेली. मावशी खाली उतरली.

"घर बांधतेय गं ती. आज नाही काढवत."

पद्मजा पाय आपटत आत गेली.

संध्याकाळी मुलाच्या आईची नजर नेमकी तिथेच गेली. "अगंबाई, जळमटं! मुलीला एवढंही वळण नाही?"

आख्ख्या आळीला फैलावर घेणारी मावशी! तिनं हात जोडले. "चूक माझी आहे हो. मुलीची नाही." तिला तसं बघून मला रडू आलं.

पद्मजानं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

"चूक कुणाचीच नाही. पाखरांना घरट्याला लागतात, म्हणून मावशीनं राखलीयत ती. तुमच्या घरात पाखरापुरतीही जागा नसेल, तर आईबाप नसलेल्या माझ्यासाठी कुठून निघणार?"

मंडळी पोह्यांना हात न लावता उठली.

"अगं मूर्ख मुली, हातचं स्थळ घालवलंस!" मावशी कितीतरी वेळ पद्मजावर ओरडत राहिली, पण तिचा धरलेला हात मात्र काही सोडेना.