बाहुलीच्या डोक्यावरची टोपी

लेकीकडे चेक देशात गेले होते, तिथल्या एका चिमुकल्या गावातलं सांगते. हिवाळा सरला की तिथे गवताची बाहुली करून पेटवतात आणि पुलावरून नदीत टाकतात. आपली होळीच म्हणा ना! पण शेजारच्या वेराबाई बाहुलीला पुरुषी राखाडी टोपी चढवत होत्या. मी लेकीमार्फत विचारलं, "हे काय हो?"

"आमच्या गल्लीतल्या एकाची टोपी अशीच होती. कम्युनिस्टांच्या राज्यात त्यानं सरकारात चुगली केली आणि पोलिसांनी माझ्या वडिलांना नेलं. ते परतलेच नाहीत."

"आणि तो?"

"म्हातारा होऊन मेला. पण होता तोवर दरवर्षी पुलावर यायचा. न येता, तर टोपी आपलीच हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना?"

बघा, किती शांत गाव! खिडक्यांत फुलं, तोंडात साखर. जाब कुणी विचारला नाही, पण त्याच्यासारखी टोपी त्याच्याच डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं बुडवली. क्षमा मोठी असते म्हणतात. असेल बाई, मला काही ती जमली नाही.

"तुमचं आहे का असं कोणी?" वेराबाईंनी विचारलं.

मला माझे काका आठवले. पोरीच्या जातीला काय करायचंय म्हणून तिसरीतच त्यांनी माझं दप्तर चुलीत घातलं होतं. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर केलं. पर्समधली कुंकवाची डबी काढून मी बाहुलीच्या कपाळावर काकांसारखं उभं गंध ओढलं.

बाहुली पेटली तेव्हा मी अशी बोंब ठोकली, की लेक लाजून मागे सरली. वेराबाई मात्र शेजारी आल्या आणि तोंडावर हात आपटत माझ्याहून मोठ्यानं बोंबलायला लागल्या.